फक्त पाहण्यासाठी

पडद्यावर विमानाचा पंख आला आणि त्याच्यावर एक करडी पट्टी आली : ‘ही फाइल आता फक्त पाहण्यासाठी उपलब्ध आहे.’ समर्थनं आधी ते वाचलंच नाही. सोमवारचा पहिला तास होता, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची मुलं अजून बाकांवर सरकत होती, आणि तो त्यांना दाखवण्यासाठी दोन दांडे जोडणाऱ्या एका कप्लिंगची फाइल उघडत होता. शेजारची, त्याची स्वतःची फाइल चुकून उघडली, एवढंच त्याला कळलं. घरातलं काही रस्त्यावर पडावं तसा तो ओशाळला आणि ती बंद करायला गेला, आणि मग त्यानं ती पट्टी वाचली. पंख धरून फिरवला तर फिरत होता. जवळ आणला तर जवळ येत होता, इतका की आतल्या फासळ्यांची भोकं दिसावीत. पण एका फासळीचं माप बदलायला गेला तर आकडा हलेना. त्यानं परत दाबलं. परत पट्टी. प्रोजेक्टरच्या झरोक्यातून गरम धुळीचा वास येत होता. मागून कोणीतरी ‘विमान’ म्हणालं, आणि त्याच वेळी गावावरून खरं विमान गेलं. बिदरला हवाई दलाचं शिकाऊ विमान डोक्यावर आलं की मास्तर वाक्य अर्ध्यावर सोडतो, मुलं पेन खाली ठेवतात आणि आवाज विरला की वाक्य तिथूनच पुढे चालू होतं. कोणाला त्यात काही वाटत नाही. समर्थनंही इतकी वर्षं असंच शिकवलं होतं. त्या दिवशी आवाज विरला आणि त्याला आपलं वाक्य सापडलं नाही. मुलं वाट पाहत होती. शेवटी त्यानं प्रोजेक्टर बंद केला आणि फळ्यावर हातानं कप्लिंग काढायला घेतलं, आणि ते वाकडं आलं.

तासानंतर स्टाफरूममध्ये बसून त्यानं मेल उघडली. कंपनीनं कळवलं होतं, आणि एकदा नव्हे. त्याच्याच लक्षात आलं नव्हतं. ‘मेरिडियन’ नावाचं ते आराखडे काढायचं सॉफ्टवेअर आजवर छंद म्हणून वापरणाऱ्यांना फुकट होतं, ते आता नव्हतं. जुन्या फाइली पाहता येतील, बदलता येणार नाहीत. बदलायच्या असतील तर वर्षाचं भाडं भरावं लागेल, दर वर्षी. त्यानं तो आकडा पाहिला आणि मोबाइल पालथा ठेवला. आकड्यापेक्षा त्याला ती पद्धत लागली. भाडं भरत आहात तोवर विमान तुमचं. एक वर्ष चुकलं की तुम्ही काचेबाहेर. खाली, अगदी सौजन्यानं, लिहिलं होतं की तुमच्या सर्जनशील प्रवासात आम्ही तुमच्यासोबत आहोत.

मेरिडियन त्याचं चौथं सॉफ्टवेअर होतं. चौथं, असं मनात म्हटलं की त्याला स्वतःची लाज वाटायची, जणू चौथं लग्न. पहिलं कॉलेजचंच. ते महागाचं, नामांकित, पण शिकण्याशिकवण्यासाठी दिलेलं. कॉलेजच्या आवाराबाहेर ते उघडत नसे आणि त्यातून छापलेल्या प्रत्येक कागदाच्या कडेला फिकट अक्षरांत ‘शैक्षणिक वापरासाठी’ असं उमटायचं. शेपटीचं पहिलं चित्र छापून त्यानं हातात घेतलं तेव्हा ती अक्षरं त्याला चित्राच्या आधी दिसली. हे विमान शैक्षणिक आहे, त्यात बसू नका. दुसरं होतं जगभरच्या लोकांनी फावल्या वेळात मिळून बनवलेलं, कायमचं फुकट, कोणाच्या मालकीचं नसलेलं. ते त्याला माणूस म्हणून आवडलं असतं. पण एका फासळीची जाडी बदलावी आणि तिच्यातली भोकं उडून भलत्याच बाजूला जाऊन बसावीत, पूर्ण पंख लाल खुणांनी भरून जावा, असं त्यात व्हायचं. त्यानं त्यांच्या चर्चापानावर तक्रार लिहिली, तर पोलंडमधल्या कुणा गृहस्थानं फार नम्रपणे उत्तर दिलं की हा दोष आम्हाला ठाऊक आहे, त्यावर काम चालू आहे. तो नम्रपणा समर्थला सहन झाला नाही. तिसरं इंटरनेटवर चालणारं. फुकट, पण अट अशी की तुम्ही काढाल ते साऱ्या जगाला खुलं. चालेल, त्याला वाटलं, आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे. मग एका सकाळी दिसलं की त्याची शेपटी कुठल्या तरी देशातल्या कुणीतरी उचलून नेली आहे आणि तिला पिवळा रंग दिला आहे. आंघोळ करताना कोणी दार उघडावं तसं त्याला झालं. शिवाय बिदरमध्ये वीज गेली की इंटरनेट जायचं आणि इंटरनेट गेलं की विमान.

आणि मग मेरिडियन. नाव नोंदवताना ‘वापराचा हेतू’ असा प्रश्न आला होता आणि खाली निवडायचे शब्द होते : व्यवसाय, शिक्षण, छंद. त्यानं छंद निवडला होता आणि तो शब्द त्याला खुपला होता. पोस्टाची तिकिटं जमवणं छंद. पण ज्या दुपारी त्या सॉफ्टवेअरनं पंखाच्या सगळ्या फासळ्यांवरून एकसंध कातडी ओढून दाखवली, कुठे सुरकुती नाही, कुठे उंचवटा नाही, त्या दुपारी त्यानं श्रीलक्ष्मीला स्वयंपाकघरातून हाक मारली होती. ती ओल्या हातांनी आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, छान दिसतंय. त्यानं तिला पंख फिरवून फिरवून दाखवला. तिचं कुकरकडे लक्ष होतं हे त्याला तेव्हा कळलं होतं आणि आता, स्टाफरूममध्ये, जास्त कळलं.

शेजारच्या टेबलावरच्या नरसिंगनं त्याची सगळी तक्रार ऐकून घेतली. तो औरादकडचा, वर्कशॉप शिकवणारा, कशाचंच ओझं न घेणारा माणूस. बिदरबाहेरच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीतल्या अर्ध्या कारखान्यांत त्याची ओळख होती. दुसऱ्या दिवशी त्यानं एक पेनड्राइव्ह समर्थच्या डब्याशेजारी ठेवला आणि सांगितलं की यात सगळ्यांत महागडं आहे, कुलूप फोडलेलं, विमानं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या वापरतात ते. ‘छोडो सर,’ तो म्हणाला, ‘पूर्ण कोळार ह्याच्यावरच चालायलंय.’ समर्थ नको म्हणाला. मग तो डबा आवरताना पेनड्राइव्हही आवरला गेला. शनिवारी दुपारी घरी कोणी नसताना त्यानं तो कॉम्प्युटरला लावला. उघडलं. त्यात खरोखरच सगळं होतं. पंखावरून हवा कशी वाहील ते रंगांत दाखवता येणार होतं, कुठल्या सांध्यावर किती ताण येईल ते कळणार होतं, काहीच अडवत नव्हतं, कुठली पट्टी येत नव्हती, कोणी भाडं मागत नव्हतं. समोर कोरा करडा पडदा होता आणि मध्ये तीन रंगांचे तीन बाण. समर्थ त्याच्यासमोर बसून राहिला. पहिली रेघ कुठली काढायची ते त्याला सुचेना. त्याला वाटलं चोरीचं आहे म्हणून हात चालत नसेल. मग वाटलं जेवण जड झालं. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, पंख्याचं पातं एकदा चुकून कुरकुरलं. खूप वेळानं त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला बरं वाटत नाहीये, आणि न वाटण्याचं कारण हे की ह्या सॉफ्टवेअरला नावं ठेवायला जागा नाही. तो विचार त्यानं पुरा होऊ दिला नाही. सगळं पुसून टाकलं आणि सोमवारी पेनड्राइव्ह परत दिला. नरसिंगनं विचारलं, व्हायरस होता काय? समर्थ हो म्हणाला.

श्रीलक्ष्मी बँकेतून आली की चहा घेताना ती दिवसाचं बोलत असे, तो ऐकत असे. त्या आठवड्यात तोच बोलत होता, फुकट म्हणजे काय, आमिष म्हणजे काय, माणसाला आधी सवय लावायची आणि मग दार लावून घ्यायचं ही कुठली रीत. तिनं बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, ‘तुम्ही तानाजीअण्णांना सांगितलात का?’ तो म्हणाला, सांगेन. ‘कधी सांगणार? ते बिचारे तिथं शेड बांधून बसल्यात.’ त्यावर तो चिडला. शेड बांधणं सोपं असतं, पत्रे आणि अँगल आणि चार दिवसांचा वेल्डर. तिनं कप उचलले. तिचं न बोलणं त्याला नेहमी हिशेब तपासल्यासारखं वाटायचं, आणि बँकेतल्या बाईचं न बोलणं म्हणजे चूक सापडलेली असणार असं त्यानं उगाच ठरवून टाकलं होतं.

तानाजी म्हणजे भालकीच्या शाळेतला तानाजी. एका बाकावर बसलेले दोघं. तानाजीनं बारावीनंतर भालकीजवळच्या मेहकरची शेती धरली, पुढे भालकीत बियाणं आणि पाइपांचं दुकान टाकलं, आणि त्याचं अंग वर्षागणिक वाढत गेलं. विमान बांधायची कल्पना कोणाची हे आता सांगता येणार नाही. पण ती जिथं पक्की झाली ती जागा समर्थला लख्ख आठवे, आणि रविवारी सकाळी तानाजीला सांगायला निघून भालकीच्या रस्त्याला स्कूटर लागली तशी ती आठवलीच. हैदराबादच्या अलीकडे एका माळावर हौशी लोकांचा क्लब होता, हलक्या विमानात बसवून फेरी मारून आणायचे. दोघं मुद्दाम गेले होते. मागच्या सीटवर समर्थ बसला, कानावर मोठे हेडफोन, पायाखाली कापडी तळ, आणि जमीन सुटली त्या क्षणी त्याला काहीच वाटलं नाही, फक्त खडखड थांबली. ते थांबणं. त्यानंतर त्याला आयुष्यात दुसरं काही तितकं हवंसं वाटलं नव्हतं. वरून माळ दिसला, क्लबची पत्र्याची खोली दिसली, आणि तिच्या बाहेर उभा असलेला तानाजी दिसला, एका हातात समर्थच्या चपला, दुसऱ्या हातात त्याचा फोन. तानाजी हात हलवू शकत नव्हता, दोन्ही हात गुंतले होते. समर्थनंच वरून हात केला. परतताना गाडीत दोघंही इतके बोलले की जहिराबाद कधी मागे पडलं कळलं नाही. आपलं आपण बांधू, तानाजी म्हणाला होता. तू काढ, मी बांधतो. सरकारी परवानग्या, बिदरच्या आभाळात हवाई दलाचा धाक, उडवायचं तर ते कलबुर्गीकडे कुठं न्यावं लागेल, हे सगळं नंतर बघू, आधी वस्तू तर होऊ दे. तानाजीनं त्याच वर्षी मेहकरच्या शेतात शेड उभी केली, लांब टेबलं केली, एका मोडीत निघालेल्या विमानाचं इंजिन कुठून तरी आणलं. ते ताडपत्रीखाली होतं. जाम होऊ नये म्हणून तो ते अधूनमधून हातानं फिरवायचा आणि समर्थला फोनवर सांगायचा, फिरवलो बघ आज.

शेडचं दार उघडं होतं. टेबलांवर कायम सोयाबीनची पोती असत, ती आज खाली उतरवली होती आणि टेबलभर पांढरे कागद पसरले होते, कडा गुंडाळू नयेत म्हणून कोपऱ्यांवर नटबोल्टचे पाने आणि बियाण्याची पाकिटं ठेवलेली. तानाजी त्यांच्यावर ओणवा झाला होता. ‘ये,’ तो मान न वळवता म्हणाला, ‘बरं झालं तूच आलास. हे बघ.’

समर्थनं पाहिलं. छापील नकाशे होते, लाकडी, दोन सीटच्या विमानाचे. दोन्ही सीट शेजारी शेजारी. रेघा स्वच्छ होत्या, मापं इंचांत, अक्षरं हातानं काढल्यासारखी. त्याला पहिल्या नजरेत कळलं की हे चांगलं आहे.

‘कुणाचं हाय हे?’

तानाजीनं सांगितलं ते असं : कॅनडातल्या कुणा म्हाताऱ्याचं. तानाजीचा पुतण्या पुण्याला असतो, त्यानं मागवून दिलं. ह्या नकाशांवर आजवर पुष्कळ लोकांनी घरच्या घरी विमानं बांधली आणि ती उडतात. प्लायवूड कुठलं, गोंद कुठला, सगळं लिहून दिलंय. पावसाळ्याच्या आत फासळ्या कापून होतील असा त्याचा अंदाज होता.

‘मला विचारायचास की.’

‘विचारलो असतो तर थांब म्हणला असतास.’

मग समर्थ बोलत सुटला. तो मेरिडियनबद्दल बोलला, करड्या पट्टीबद्दल बोलला, परक्याच्या नकाशावर विमान बांधणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचे कपडे घालणं असं बोलला. आपला पंख ह्यापेक्षा सरस आहे हे पटवायला त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि पंख उघडला. तिथंही पट्टी आली, पण दिसत होता. हे बघ, ही कड बघ, हा उतार बघ. काम बंद नाही पडलेलं, फक्त दुसऱ्या कशात तरी नव्यानं चढवावं लागेल. एक नवीन आलंय, त्याचं ऐकलंय, ते बरं निघालं तर सहा महिन्यांत. बोलताना त्याला स्वतःचा आवाज वर्गातल्यासारखा ऐकू येत होता, मागच्या बाकापर्यंत पोचवण्यासाठी चढवलेला, आणि शेडमध्ये तर दोघंच होते. तानाजीनं मोबाइल हातात घेऊन पंख बघितला, खरंच बघितला, बोटानं फिरवून. मग परत दिला.

‘झ्याक हाय,’ तो म्हणाला. ‘तुझ्या विमानात मी कुठं बसतो?’

समर्थ म्हणाला, ते एका माणसाचं आहे. आधी एकाचं करायचं, ते जमलं की दोघांचं.

‘त्यो एक कोण हाय?’

पत्रा उन्हानं तडतडत होता. समर्थ काहीतरी म्हणायला गेला आणि त्याला दिसलं ते विमानाच्या आत बसवलेलं निळं माणूस. सॉफ्टवेअरमध्ये मिळतं तसलं, चेहरा नसलेलं, उंची आणि वजन भरलं की त्या मापाचं होणारं. चारही सॉफ्टवेअरांत त्यानं ते सगळ्यांत आधी बसवलं होतं. उंची त्याची होती. वजनही त्याचंच, तेही जुनं, लग्नाच्या वेळचं. त्याच्याभोवती मग सगळं विमान काढलं होतं, तोल त्याच्यावर धरला होता, पंखाचं क्षेत्रफळ त्याच्यावरून काढलं होतं.

‘बघितलो हाय मी त्याला,’ तानाजी म्हणाला. ‘गणपतीला तुझ्या घरी आलतो तवा. पडद्यावर बसलता, तुझ्यावानी बारीक. मी म्हणलो, ह्याला जरा जाड कर की. तू हसलास. म्हणलास, मग उडायचं न्हाई.’

समर्थला हे आठवत नव्हतं. त्यानं आठवायचा प्रयत्न केला. गणपती आठवला, तानाजीनं आणलेली केळी आठवली, हे नाही.

‘माळावर बी मला घेतलं न्हाई त्यांनी. वजनाच्या वर हाय म्हणले. तू वर गेलास, मी तुझ्या चपला धरून हुबा राहिलो. त्याचं काई न्हाई. त्यांचं विमान, त्यांचा कायदा.’ तानाजीनं नकाशावरचा एक पाना उचलून सरळ ठेवला. ‘पर हे इंजिन मी कामून फिरवायलोय, ते इचारायचं व्हतं तुला. लई दिवस झाले.’

तो रागावून बोलत नव्हता, आणि म्हणून समर्थला राग यायला मोकळीक मिळाली. तो म्हणाला की तुला आधीच बांधून मोकळं व्हायचं होतं, तुला रेघेची किंमत कधी कळली नाही. मग चहाचंही न थांबता निघाला. दारात तानाजीची बायको अंजू ट्रे घेऊन येत होती. तिनं विचारलं, ‘भावजी, जायलाव व्हय?’ त्यानं मान हलवली. भालकी ओलांडली तरी त्याच्या मनात उत्तरं चालूच होती, एकाहून एक बिनतोड, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी तो स्कूटरचा वेग वाढवी आणि मग खड्डा आला की कमी करी. माळावरची फेरी त्यानं किती वेळा मनात उलगडली होती. दर वेळी खडखड थांबायची, दर वेळी खाली चपला धरलेला तानाजी दिसायचा, आणि तो चित्राचा भाग होता, माळासारखा, पत्र्याच्या खोलीसारखा. त्याला तिथं कसं वाटत असेल हे समर्थला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. तो त्याला छान दिसला होता, वरून.

त्यानंतर काही आठवडे त्यानं तानाजीला फोन केला नाही. तानाजीनंही केला नाही, इंजिन फिरवल्याचंही नाही. कॉलेजात परीक्षा आल्या, ऊन चढलं, दुपारी वर्गाच्या भिंतींना हात लावला तर भाजायचं. घरी येऊन तो सॉफ्टवेअरांची परीक्षणं वाचायचा. अमुक चांगलं पण वक्र पृष्ठभाग जमत नाहीत, तमुक स्वस्त पण पुढच्या वर्षी भाव वाढणार, कुणी लिहिलेलं की गेली दहा वर्षं शोधतोय, अजून मनासारखं मिळालं नाही. त्या माणसाला विमानच काढायचं होतं. नाव टोपणनाव होतं, देश लिहिलेला नव्हता. समर्थनं त्याची जुनी सगळी उत्तरं काढून वाचली. दहा वर्षांची तुलना, बारीक, हुशार, कोष्टकांसकट. विमानाचं चित्र कुठंही नव्हतं. उठून तो गॅलरीत गेला, तिथं श्रीलक्ष्मी वाळलेले कपडे काढत होती. तिनं त्याच्याकडे पाहून विचारलं, काय झालं. तो काही नाही म्हणाला आणि तिच्या हातातल्या चादरीचं एक टोक धरलं.

त्याच संध्याकाळी त्यानं जुनं, फुकटचं, पोलंडवाल्या गृहस्थाचं सॉफ्टवेअर पुन्हा उतरवून घेतलं. कातडी नको, रंग नको. त्यानं नुसते ठोकळे मांडले : इंजिनाचा एक, पंखाचा एक, शेपटीचा, पेट्रोलच्या टाकीचा, आणि माणसाचा. प्रत्येकाला वजन दिलं. माणसाच्या जागी आधी स्वतःचं आजचं घातलं. तोलाचा बिंदू थोडा सरकला. मग तानाजीचं अंदाजानं घातलं. बिंदू पुढे गेला, जिथपर्यंत चालतं तिथून बाहेर गेला. त्यानं सीट मागे घेतली, तर पाय पोचेनात. इंजिन मागे घेतलं, तर ते मांडीवर आलं. पंख पुढे घेतला, तर दार उघडायला जागा राहिली नाही. तो आकडे बदलत राहिला आणि मनात वाट पाहत राहिला की आता हे मोडेल, आता लाल खुणा येतील, ठोकळे उडून भलतीकडे बसतील आणि आपल्याला शिव्या देता येतील. त्या दिवशी ते मोडलं नाही. प्रत्येक आकडा त्यानं मुकाट घेतला आणि प्रत्येक वेळी तेच दाखवलं. ज्या पंखासाठी तो इतके दिवस तळमळला होता, ज्याच्यावर ती पट्टी आल्यानं त्याचं जग थांबलं होतं, तो पंख त्या दोघांतल्या एकालाच उचलणारा होता. तो बदलता आला असता तरी उपयोग नव्हता. समर्थला वाटलं होतं हे कळल्यावर तरी काहीतरी सुटेल, निदान रडू येईल. आली ती चीड, तीही कोणावर टाकावी हे न कळणारी.

पुढच्या रविवारी तो मेहकरला गेला. सांगून नाही गेला. तानाजी शेडमध्येच होता, टेबलावर प्लायवूडचे तक्ते रचलेले होते, अजून कापलेले नव्हते. इंचांचे मिलिमीटर करण्यात तो अडकला होता, आणि कोळारचा लेसर-कटिंगवाला कागद घेत नव्हता, कॉम्प्युटरची फाइल मागत होता. हे त्यानं आपणहून सांगितलं नाही, समर्थनं विचारल्यावर सांगितलं. समर्थ म्हणाला, देतो काढून. ते काम तो पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या महिन्यात शिकवायचा, सपाट रेघांचं, कुठल्याही फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये होणारं. ह्याचाही त्याला त्रास झाला. तो टेबलापाशी उभा राहून पान पान उलटत गेला. म्हातारा हुशार होता. दोन-तीन ठिकाणी समर्थनं वेगळं केलं असतं, आणि म्हाताऱ्यानं तसं का केलं तेही त्याला थोड्या वेळानं समजलं. केबिनच्या पानाशी तो थांबला.

‘हे दोन माणसांना धरलंय,’ तो म्हणाला, ‘पर कसल्या माणसांना?’

तानाजीनं पानाकडं बघितलं, मग स्वतःकडं बघितलं.

त्यांनी दोन रिकामी क्रेट आणून जवळ जवळ पालथी घातली आणि दोघं त्यांवर बसले, समोर बघत, जसं बसावं लागेल तसं, गुडघे पुढं, हात मांडीवर. तानाजीचा दंड समर्थच्या दंडाला लागला. शाळेनंतर इतके जवळ ते बहुतेक कधी बसले नव्हते. तानाजीच्या सदऱ्याला पेंडीचा आणि उन्हाचा वास होता. समर्थला आपण अंग चोरून बसलो आहोत असं जाणवलं. तो सैल बसला, तेव्हा तानाजीला थोडं सरकावं लागलं. मोजपट्टीचं एक टोक तानाजीनं आपल्या बाहेरच्या खांद्याशी धरलं, दुसरं समर्थनं आपल्या. पण तसं बसून आकडा दोघांनाही वाचता येईना. तानाजीनं घराकडं तोंड करून अंजूला हाक मारली. ती हात पुसत आली, दोघं मोठे बाप्ये क्रेटवर चिकटून बसलेले पाहून तोंडावर पदर धरला. पुढं वाकून तिनं आकडा वाचला.

‘परत वाचा,’ समर्थ म्हणाला.

तिनं परत वाचला. तोच होता. नकाशातल्या केबिनपेक्षा चार बोटं जास्त.

समर्थ तसाच बसून हिशेब करू लागला. चार बोटं रुंदी म्हणजे मधली चौकट नवी, म्हणजे तिच्यामागच्या सगळ्या चौकटी थोड्या थोड्या बदलणार, पंख जोडायचा सांधा बदलणार, वजन वाढणार, तोल परत काढावा लागणार. नकाशाच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलंच होतं, बदल केलात तर जबाबदारी तुमची. त्याच्या डोक्यात चटकन चारही सॉफ्टवेअरं रांगेनं उभी राहिली, कशात हे जमेल, कशात नाही.

‘काय म्हणायलंय?’ तानाजीनं विचारलं.

‘मावत न्हाई आपण. मधलं सगळं परत काढावं लागंल.’

‘मग काढ की.’

‘वेळ लागंल.’

‘तुझं वजन किती हाय आता?’ तानाजी म्हणाला. ‘खरं सांग.’

समर्थनं खरं सांगितलं. मग तानाजीनं आपलं सांगितलं, अंजू उभी होती म्हणून जरा हळू आवाजात. समर्थनं अंदाजानं धरलं होतं त्याहून ते पुष्कळ जास्त होतं. त्यानं तो आकडा तोंडातल्या तोंडात म्हटला, परत म्हटला आणि अंजूला म्हणाला की तुम्ही इथंच थांबा, आता कमरेपाशी मोजू.